वडनेर ते सिंगापूर, दिवे लागायच्या आत

विमानाचं तिकीट काढायला आलेला माणूस पहिल्यांदा भाडं विचारतो, असं बाहेरच्यांना वाटतं. आमच्याकडे तसं नव्हतं. वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेत, घराच्याच पुढच्या खोलीत, मी तीसेक वर्षं तिकिटांचं दुकान चालवलं. लोक खुर्ची ओढायच्या आधीच विचारायचे, "मॅडम, कितीक दूर हाय वो ते?" ते म्हणजे शारजा, बँकॉक, सिंगापूर, जिथं पोरगा लागला असेल ते.

सुरुवातीला मी इमानदारीत किलोमीटर सांगायची. समोरचा मान हलवायचा आणि पुन्हा तेच विचारायचा. मी तोंडाची फटकळ. एकदा एका बाईंना म्हटलं, "मावशी, आत्ताच तर सांगितलं." त्या शांतपणे म्हणाल्या, "ते नाई वो बाई. पोराले ताप आला तं मी कवा पोचन, ते सांग." तेव्हापासून मी किलोमीटर सांगणं सोडून दिलं.

या धंद्याशी संबंध न आलेल्यांसाठी थोडं सांगते. दोन शहरांमधलं अंतर ही एक गोष्ट, विमान हवेत किती वेळ असतं ही दुसरी, आणि माणूस आपल्या दारातून निघून दुसऱ्याच्या दारात कधी उभा राहतो ही तिसरी. या तिघी एका घरातल्या जावा समजा. नातं आहे, पण जमेलच असं नाही. नागपूरहून सिंगापूर सरळ रेषेत साडेतीन हजार किलोमीटर भरेल. सरळ विमान असतं तर पाचेक तासांत नेऊन सोडलं असतं. पण सरळ विमान नाही. आधी मुंबईला, म्हणजे उलट्या दिशेला जायचं, तिथं ताटकळायचं, आणि मग तोंड फिरवून पूर्वेकडे निघायचं. कान उजव्या हातानं डाव्या बाजूचा धरायचा, तसला प्रकार.

त्यात पुन्हा घड्याळं. तिकिटावर निघायची वेळ इथली छापतात आणि पोचायची तिथली. पुलगावला दारूगोळ्याच्या डेपोत नोकरीला असलेल्या एका बाबूंची बायको भावाकडे शारजाला निघाली होती. तिनं जाण्याचं आणि येण्याचं तिकीट शेजारी शेजारी ठेवून बोटानं हिशोब केला आणि मला विचारलं, "मॅडम, जाताना दोन तास लागून राह्यले अन् येताना पाच. येताना चढ हाय का?" मी हसले नाही, कारण कागदावर तसंच दिसत होतं. मग मी तिला समजावलं की दोन्हीकडून साडेतीन तासच लागतात, शारजाचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं असतं, म्हणून जाताना तो दीड तास मिळतो आणि येताना परत द्यावा लागतो. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग पिशवी उचलत म्हणाली, "म्हणजे चढच की वो." मी नाद सोडला.

पुलगावच्याच एक उपासिका होत्या, निवृत्त शिक्षिका. त्यांचा जथा बुद्धविहारं पाहायला बँकॉकला निघाला तो नेमका पौर्णिमेला. त्या दिवशी त्या अष्टशील पाळायच्या, म्हणजे दुपारी बारानंतर अन्न घ्यायचं नाही. विमानात जेवण येईल तेव्हा आपले साडेअकरा झालेले असणार आणि बँकॉकचा एक. "मॅडम, बारा कोणाचे धरायचे?" त्यांनी विचारलं. मी तिकिटं काढणारी बाई, मी काय सांगणार? त्यांनीच थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "जाऊ द्या. मी विमानतळावरच जेवून घेईन. मनात शंका ठेवून जेवू नये." मला ते फार आवडलं होतं.

असल्या माणसांत माझी उमर गेली. आता दुकान बंद आहे. तिकीट ज्याच्या त्याच्या फोनात निघतं, आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही. धंद्याचा अभिमान वाटतो का, तर वाटतो. माझ्या हातून निघालेला माणूस विमान चुकून रडत बसला, असं फारसं झालं नाही. पण दुसरीही एक बाजू आहे. माझ्या दुकानातून जी पोरं गेली, त्यातल्या कितीतरी घरांत आता दोन म्हातारी माणसं आणि एक मोठा टीव्ही उरलाय. मी नसते तर दुसऱ्या कोणीतरी तिकीट काढून दिलंच असतं, एवढं मला समजतं. तरी भाजीबाजारात त्यांतली एखादी आई दिसली की मी उगाच कोथिंबीर निवडत बसते.

म्हणून मी देवरावभाऊंची गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते. ती आठवली की बरं वाटतं.

देवराव हे हिंगणघाट तालुक्यातल्या वडनेरचे शेतकरी. कपाशी, तूर, दोन म्हशी, खाऊनपिऊन सुखी घर. एका उन्हाळ्यात सकाळीच ते धाकट्या मुलीला, प्रणालीला, घेऊन दुकानात आले. प्रणाली नागपूरला नोकरी करत होती. मुलगा तिनंच पसंत केलेला, हिंगणघाटचा, सिंगापूरला जहाजं दुरुस्त करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. जात, घरदार, पत्रिका, सगळं विचारून झालं होतं आणि सगळं जुळलं होतं. अडलं होतं ते अंतरावर, आणि तेच विचारायला बापलेक माझ्याकडे आले होते.

देवरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मॅडम, मले रस्ता पाह्याचा हाय."

"कुठला?"

"सिंगापूरचा."

मी प्रणालीकडे पाहिलं. तिनं कपाळाला हात लावला. "ताई, बाबा असेच आहेत," ती म्हणाली. "मोठ्या ताईच्या वेळी यांनी मुलाच्या आधी रस्ता पाहिला. सकाळी वडनेरहून निघाले, एसट्या बदलत आर्वीकडच्या त्या गावात गेले, उन्हं असताना पोचले, हापशीवर पाणी प्यायले आणि कोणाच्याही घरी न जाता परत आले. मग म्हणाले, चला, आता पोरगा पाहू."

"आमच्या घरचा कायदा हाय," देवराव म्हणाले. त्यांना त्यात गमतीचं काही वाटत नव्हतं. "पोरगी द्याची तं तितक्याच दूर, का सकाळी निघालेला माणूस दिवे लागाच्या आत तिच्या दारात पोचला पाह्यजे. त्याच्या पल्याड द्याची नाई."

मी म्हटलं, भाऊ, संध्याकाळी निघून दुसऱ्या दिवशी सकाळी पोचणारं विमान मिळेल, चालेल का? ते म्हणाले, "रातभर पोरगी वाट पाह्यत बसन. नाई चालत."

मग मी कामाला लागले. आमचं काम म्हणजे विमानांची जोडणी. एक उतरतं, दुसरं उडतं, मधल्या वेळात माणूस एका दारातून बाहेर पडून दुसऱ्या दारातून आत गेला पाहिजे. पहाटे वडनेर सोडायचं, नागपूरला सकाळचं मुंबईचं विमान धरायचं, मुंबईला जेमतेम वेळ हाताशी ठेवून सिंगापूरचं धरायचं. मी बराच वेळ खटपट केली. प्रणाली माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहत होती, आणि तिचा श्वास मला ऐकू येत होता. सगळं लग्न त्या पडद्यावर अडकलं होतं.

"जमतंय," मी शेवटी म्हटलं. "सकाळी निघालात तर साडेसहाला मुलीच्या दारात." उन्हाळ्याचे दिवस. साडेसहाला आपल्याकडे चांगला उजेड असतो. प्रणालीनं माझा खांदा दाबला.

देवरावांनी पडद्याकडे बोट केलं. मग म्हणाले, "हे साडेसहा आपले का तिथले?"

आता आली का पंचाईत. सिंगापूर पूर्वेकडे, तिथला दिवस आपल्या आधी उगवतो आणि आधीच मावळतो. पूर्वेकडे निघालेल्या माणसाचा दिवस आखूड होत जातो, त्याला कोणी काही करू शकत नाही. "आपले," मी म्हटलं.

"तिथं किती वाजले असन?"

"नऊ."

"म्हणजे दिवे लागले."

"बाबा," प्रणाली म्हणाली, "वडनेरला तर उजेडच असेल ना? तुमच्या हातातल्या घड्याळात साडेसहाच वाजले असतील. तुमच्या हिशोबानं तुम्ही दिवे लागायच्या आतच पोचाल."

"पोचणाऱ्याचे दिवे नाई धरत, बाई. वाट पाह्यणाऱ्याचे धरतेत."

ती चिडली. "हे कुठं लिहिलंय?"

देवराव तिच्याकडे न पाहता माझ्याकडे पाहून बोलू लागले. मला वाटतं, मुलीला हे तोंडावर सांगणं त्यांना जमत नव्हतं. "माही मोठी बहीण होती, शांताबाई. तिले आलापल्लीच्या पल्याड देल्ली होती, जंगलात. माणसं चांगली होती, त्यायचा दोष नाई. एका पावसाळ्यात निरोप आला का ती लई बिमार हाय, गावचं माणूस पाह्याचं म्हणते. बापानं मले मुराळी धाडलं." मुराळी म्हणजे सासरच्या लेकीला माहेरी आणायला जाणारा माणूस, भाऊ नाहीतर बाप. "सकाळी निघालो, मोटरी बदलत बदलत दिवस कलताना नदीवर पोचलो. गाव पल्याड. नदीले पूर. पल्याड नेणारा डोंगा बंद. मी अल्याडच बसलो. मंग पल्याड दिवे लागले. एक एक दिवा दिसून राह्यला होता मले. तिचं घर कोणतं, तेही मालूम होतं."

मी पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"सकाळी पाणी उतरलं तवा गेलो. घरचे म्हणाले, दिवे लागेपर्यंत विचारत होती, वडनेरचं कोणी आलं का. दिवे लागले अन् मंग तिनं विचारणं सोडलं."

प्रणालीनं आत्याची गोष्ट ऐकलेली होती, पण दिव्यांचं तिला माहीत नव्हतं. ती खाली बसली. मला त्या माणसाचा थोडा रागच आला, कारण आता त्याच्याशी भांडायची सोय उरली नव्हती. देवरावांनी टोपी घातली, "तरास देल्ला तुमाले," म्हणाले आणि निघाले. प्रणाली मागून गेली. फाटकाजवळ ती वळली आणि मला म्हणाली, "ताई, मी पळून जाणार नाही. मला बाबांचा हो पाहिजे."

त्यानंतर काही दिवस मला दुसरं काही सुचेना. दुसऱ्यांची तिकिटं काढता काढता मी मधेच वडनेर ते सिंगापूर लावून पाहायची. हैदराबादवरून, चेन्नईवरून, कोलकात्यावरून. कुठं अर्धा तास सुधारायचा, पण तिथले दिवे काही थांबायचे नाहीत. सूर्याशी कोण भांडणार?

एका दुपारी वर्ध्यातले एक गृहस्थ मुलाचं तिकीट काढायला आले. मुलगा सिंगापूरला, सुट्टीत घरी यायचा होता. मी सिंगापूर ते नागपूर लावलं आणि सवयीनं वेळा वाचत गेले. सकाळी लवकर निघायचं, मुंबईत उतरेपर्यंत सकाळच असते, दुपारी नागपूर. मी पुन्हा वाचलं. तिकडून इकडे येताना माणूस सूर्याच्या मागं मागं येतो आणि दिवस लांबतो. जाताना जे अडीच तास गेले होते, ते सगळे येताना पदरात पडत होते. त्या गृहस्थांना मी घाईघाईत तिकीट काढून दिलं आणि दुकानाला कुलूप लावलं.

असली गोष्ट आमच्याकडे फोनवर सांगत नाहीत. दुसऱ्या दिवशी हिंगणघाटला गाडी बदलून मी वडनेरला गेले. देवराव आणि त्यांच्या पत्नी सुमनताई ओट्यावर तूर निवडत बसले होते. प्रणाली सुट्टीला घरी आलेली होती. माझ्यासाठी चहा ठेवून ती बाहेर आली आणि दारातच थांबली.

"भाऊ," मी म्हटलं, "तुम्ही जायचाच विचार करून राह्यले. येण्याचा केलाच नाही."

"म्हणजे?"

"प्रणाली तिथून सकाळी निघाली, तर वडनेरला चहाच्या वेळी पोचते. दुपार कलताना. वाट पाहणारे तुम्ही, म्हणजे दिवे वडनेरचे धरायचे. कायदा तुमचाच आहे."

देवरावांचा हात सुपात थांबला. त्यांनी मनातल्या मनात सगळा रस्ता चालून पाहिला असणार. मग त्यांनी मान हलवली. "लेक अशी एकटी येते का, मॅडम? मुराळ्याशिवाय? घेवाले तं आमालेच जा लागन."

आता मी काही बोलणार, एवढ्यात सुमनताई बोलल्या. सुपातले खडे बाजूला काढत, आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "शांताबाईले येता आलं असतं, तं ती तुमची वाट पाह्यत बसली असती का? तिले वाट मालूम नव्हती, एकटीनं कवा घराबाहेर गेली नव्हती, म्हणून बसली. हिले वाट मालूम हाय. हिले आणाले जाची गरज नाई. हिले येऊ द्याची गरज हाय."

देवराव उठले, गोठ्याकडे गेले आणि बऱ्याच वेळानं परत आले. डोळे लाल होते. म्हशीला वैरण टाकली, असं त्यांनी सांगितलं, आणि आम्ही ते खरं मानलं. मग माझ्यासमोर बसून म्हणाले, "नागपूरपासून वडनेरपर्यंत कोणी तरी पाह्यजे. मुराळी नसला तं लोक काय म्हणतीन?"

"मी येईन," मी म्हटलं. "नागपूरपासून मुराळी मी."

"तुमी बाईमाणूस."

"मग काय झालं? तुमच्या मुराळ्याला सिंगापूरची विमानं समजतात का?"

तेव्हा ते हसले. आत चहा उतू गेल्याचा वास आला, पण प्रणाली दारातून हलली नव्हती.

लग्न झालं, प्रणाली गेली, आणि पहिल्या दिवाळीला यायचं ठरलं. धनत्रयोदशीचा दिवस. जावईबापू दोन दिवसांनी येणार होते, ती एकटीच पुढं निघाली. तिकीट मी काढलं होतं. दुकानातलं ते जवळजवळ शेवटचंच तिकीट, आणि इतक्या काळजीनं मी माझं स्वतःचंही कधी काढलं नव्हतं. दिवाळीत दिवस लहान, सहाच्या सुमाराला दिवे लागतात. तरी पाचच्या आत वडनेर, असा माझा हिशोब होता. मी दुपारीच गाडी घेऊन नागपूरच्या विमानतळावर जाऊन उभी राहिले.

आणि मुंबईचं विमान उशिरा निघालं. पहिल्यांदा अर्धा तास म्हणाले, मग एक तास, मग पाटीवर नुसतंच विलंब असं लिहिलं. तीस वर्षांत हजारो विमानं उशिरा आली, मी लोकांना सांगायची, होतं असं, त्यात काय? त्या दिवशी मला कोणी तसं सांगितलं असतं तर मी त्याचा जीव घेतला असता. मी देवरावांना फोन केला. म्हटलं, भाऊ, उशीर होणार आहे, सहाच्या आत काही पोचत नाही. ते एवढंच म्हणाले, "हो का." आणि फोन ठेवला.

प्रणाली बाहेर आली तेव्हा ऊन कललं होतं. गळ्यात पडली, आणि पहिला प्रश्न विचारला, "ताई, दिवे?" मी म्हटलं, गाडीत बस आधी. बुटीबोरी सुटली तेव्हा अंधारायला लागलं. रस्त्याच्या कडेच्या घरांवर आकाशकंदील लागत होते. एरवी किती सुंदर दिसतात, पण त्या दिवशी प्रत्येक कंदील मला टोचत होता. ज्या एका गोष्टीवर त्या माणसानं मुलगी दिली, ती गोष्ट पहिल्याच वेळी माझ्या जोडणीनं मोडली होती. प्रणालीनं बाबांना फोन लावला. बंद. आईचा लावला. तोही बंद. पुन्हा लावला. "रागावले असतील," मी म्हटलं. तिनं फोनकडे पाहत मान हलवली. नंतर हळूच म्हणाली, "आई फोन बंद ठेवत नाही, ताई. कधीच नाही."

हिंगणघाटच्या पुढं मी ड्रायव्हरला दोनदा गाडी जोरात घ्यायला सांगितलं.

वडनेरमध्ये शिरलो तेव्हा गाव नुसतं उजळलं होतं. दारोदारी पणत्या, पोरांची फुलबाज्यांची धावपळ, रांगोळ्या वाचवत गाडी हळूहळू चाललेली. आम्ही गल्लीत वळलो, आणि ड्रायव्हरनं कोणी न सांगताच गाडी थांबवली. सगळ्या गल्लीत एकच घर अंधारात होतं. कंदील नाही, पणती नाही, आत बल्बसुद्धा नाही. दिवाळीत अंधारं घर कशाचं असतं, हे खेड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. प्रणालीनं माझं मनगट धरलं. माझ्याही मनात तेच आलं होतं. देवरावांचा तो "हो का" मला आठवला.

ती कशीबशी उतरली. फाटकाला धरून उभी राहिली. ओट्यावर कोणीतरी बसलेलं होतं, कोणीतरी उभं होतं, तोंडं दिसत नव्हती.

"बाबा," ती म्हणाली. "लाईन गेली का?"

"लाईन हाय." देवरावांचाच आवाज.

"मंग अंधार काऊन? आई कुठं हाय?"

"हे काय, मी इथंच हाओ," सुमनताई म्हणाल्या. "माह्या हातात काडीपेटी देऊन ठेवली यायनं सांजेपासून. अन् लावू देऊन नाई राह्यले. चार जण विचारून गेले, कोण गेलं म्हणून."

"अन् फोन?"

"त्याचा उजेड पडते," देवराव म्हणाले. "बंद करून ठेवले दोन्ही."

फाटकातच प्रणालीला रडू कोसळलं, आणि मलाही. देवराव खाटेवरून उठले, ओट्याच्या पायऱ्या चाचपडत खाली आले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. शेजारच्या घरांतली माणसं दारात येऊन पाहत होती. थोड्या वेळानं त्यांनी माझ्याकडे तोंड केलं.

"मॅडम, पोचली ना लेक दिवे लागाच्या आत?"

मी हो म्हटलं. मग ते ओट्याकडे वळले.

"अवं, लाव आता."